नाकाखालची सावली

उजेडात ठेवलेल्या वस्तूवर पुन्हा उजेड रंगवायची गरज काय? वॉरगेमिंगचे, म्हणजे टेबलावर लढाया खेळण्याचे, इंचभर उंचीचे सैनिक रंगवणारे हौशी लोक नेमकं हेच करत बसतात. कोटाच्या चुणीत गडद रंग, कडेवर फिका, नाकाखाली केसाएवढी सावली. हे खूळ आलं कुठून याचा माग काढला तर कळतं, की सावली ही बराच काळ चैन होती.

१८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ सैनिक बाजारात आणले. शिशाचा रस साच्यात ओतायचा, बाहेरची साल धरली की आतला रस परत ओतून घ्यायचा. धातू वाचला, सैनिक स्वस्त झाला. रंगकाम मुख्यतः बायका करत, कितीतरी जणी घरी बसून. अशा कामात एकेक सैनिक पुरा करत बसणं परवडत नाही. आधी सगळ्यांचे लाल कोट, मग सगळ्यांच्या विजारी, शेवटी डोळ्यांची टिंबं. सपाट, चकचकीत रंग. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा आठवा, साधारण तोच थाट. एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये असल्याच फौजा लढवल्या. खेळण्यातली तोफ खरोखर लाकडी गोळा मारून त्यांना आडवं करायची. अशाच्या कोटावर कोण सावल्या घालत बसतो!

सावलीची शाळा वेगळी, ती जर्मनीत. न्यूरेंबर्गला हिल्पर्ट १७७० च्या दशकात कथलाचे चपटे सैनिक ओतत होते. बाजूने पाहिलं तर माणूस गायब! तिथलाही बाजारचा माल झटपटच रंगवला जाई. पण पुढे हौशी संग्राहकांनी तैलरंग हाती घेतले. चपट्याला पोटच नाही तर सावली पडणार कुठून? मग चित्रात काढतात तशी ती काढायची, उजेड एका बाजूने येतोय असं धरून.

गोल सैनिकाला मात्र पोट आहे, घड्या आहेत. तरी हातभर अंतरावरून त्याच्या खऱ्या सावल्या डोळ्याला जाणवतच नाहीत, सगळा एकसारखा गोळा दिसतो. म्हणून सावली थोडी वाढवून सांगावी लागते, नाटकातल्या मेकअपसारखी.

ही चैन आटोक्यात आली ती ॲक्रिलिक रंगांमुळे. तैलरंग वाळायला दिवस लागतात, ॲक्रिलिकला काही मिनिटं. एका संध्याकाळी थरावर थर चढवता येतात. इंग्लंडात सिटाडेल मिनिएचर्स १९७९ साली निघाली आणि त्यानंतरच्या पिढीच्या हातात ठरावीक युक्त्या आल्या. ‘वॉश’ म्हणजे पातळ गडद रंग, तो आपणहून खाचांत उतरतो. ‘ड्रायब्रश’ म्हणजे कुंचल्यावरचा रंग जवळजवळ पुसून टाकायचा आणि नुसत्या उंचवट्यांवरून फिरवायचा. चिलखताच्या कड्यांना याच्यासारखा उपाय नाही. केविन डॅलिमोर यांची रीत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते: काळं अस्तर, त्यावर प्रत्येक रंगाच्या तीन छटा, आणि पट्टा व कोट यांच्यामध्ये अस्तराची बारीक काळी रेघ तशीच सोडायची. कुंचल्याचा फटका लपवायचा नाही.

पण हिशेब करा. एका सैनिकाला दोन तास धरले, तर शंभरांच्या फौजेला दोनशे तास. म्हणून तर घरोघरी खोकी भरून सैनिक बिनरंगाचे पडलेले असतात, आणि बायको विचारते, “अजून आणलेत?”

त्यावर तोडगा म्हणजे ‘डिप’. लाकडाला लावायच्या तपकिरी व्हार्निशवर खेळाडूंनी हा प्रयोग केला होताच. २००७ मध्ये निघालेल्या डेन्मार्कच्या ‘आर्मी पेंटर’ने त्यासाठी खास डबेच विकायला काढले. सपाट रंग द्यायचे, सैनिक पकडीत धरून डब्यात बुचकळायचा, झटकायचा. सावल्या आपोआप. काहींना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. डिप वापरणारा माणूस आधी काय करतो? शंभर सैनिक ओळीने मांडतो आणि सगळ्यांचे लाल कोट रंगवून घेतो, मग सगळ्यांच्या विजारी. लंडनच्या त्या बायका हेच करत होत्या, फक्त त्यांना त्याची मजुरी मिळे.