रिकाम्या जागी काय भरायचं?

हिंजवडीच्या रस्त्यांवर आज फोटो काढायला उभं राहिलं की चौकटीत मेट्रोचा खांब हटकून येतो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर हा तेवीस स्थानकांचा मार्ग सगळाच जमिनीवरून उंच नेलेला आहे. 2018 च्या डिसेंबरमध्ये त्याचं भूमिपूजन झालं आणि पुढं काम सुरू झाल्यावर इथल्या माणसांच्या फोटोंत काँक्रीट शिरलं. आता फोनवर त्या खांबाभोवती बोट फिरवलं की क्षणात खांब जातो आणि तिथं आभाळ येतं. कॅमेऱ्यानं ते आभाळ पाहिलेलंच नसतं. त्या जागी त्याला फक्त खांब दिसला होता. आभाळ फोननं मागाहून रचलं.

फोटोतून काही काढून टाकायचं, तर तिथं दुसरं काहीतरी आणावं लागतं. या युक्तीच्या कुळात प्रत्येक पिढीला हाच प्रश्न पडला आणि प्रत्येकीनं त्याचं उत्तर आपापल्या परीनं दिलं.

मूळपुरुष म्हणून म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्श्टेंगलचं नाव घेतात. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यानं हातानं सुधारलेली निगेटिव्ह आणि तिच्या सुधारणेआधीच्या व नंतरच्या प्रती लोकांपुढं ठेवल्या. त्या काळात अशा सुधारणेची गरज खरोखरच होती. कलोडियनचा लेप दिलेल्या काचेच्या निगेटिव्हला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळं गालावरची लालसर पुटकुळी, जी समोर बसलेल्या माणसाच्या लक्षातही येणार नाही, ती कागदावर काळाकुट्ट ठिपका होऊन उमटे. गिऱ्हाईक फोटो बघून नाराज व्हायचं आणि त्याची नाराजी रास्त असायची.

हा ठिपका घालवायची रीत समजून घेण्याजोगी आहे. कागदावर जे काळं, ते निगेटिव्हवर पारदर्शक. म्हणून ठिपका घालवायचा तर काचेवरच्या त्या पारदर्शक जागी शिसं भरायचं. काच तिरक्या मेजावर ठेवायची, खाली आरसा लावून खिडकीचा उजेड वर घ्यायचा, पेन्सिल धरून राहील असं राळेचं पातळ रोगण काचेवर चोळायचं, मग सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा द्यायच्या. याच्या उलट करायचं असेल, म्हणजे कागदावर काही गडद करायचं असेल, तर धारदार पात्यानं थर खरवडायचा. आपल्याकडच्या स्टुडिओंत या कामाला ‘टचिंग’ म्हणत. डोळ्यांचं काम, मानेचं काम. घाईनं रेघा दिल्या की चेहरा मेणाचा दिसे. चांगला टचिंगवाला डाग काढायचा आणि सुरकुती ठेवायचा.

मराठी घरांत टचिंगवाल्याकडं सगळ्यात मोठं काम यायचं ते कुणी गेल्यानंतर. आजोबांचा एकट्याचा फोटो नसायचाच. असायचा तो कुणाच्या तरी लग्नातला, दहा-बाराजणांतला. मुलगा तो घेऊन स्टुडिओत जायचा आणि सांगायचा, यातले बाबा तेवढे काढून मोठे करून द्या, भिंतीवर लावायचेत. आता बाबांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, अर्धा दंड शेजारच्याच्या आड गेलाय, टोपीवर मांडवाच्या खांबाची सावली पडलीय. हात पुसला की खांदा काढावा लागतो. म्हणून कित्येक घरांतल्या हार घातलेल्या तसबिरींत आजोबांच्या अंगात असा कोट दिसतो जो त्यांनी जन्मात कधी घातला नव्हता. चेहरा त्यांचा, खांदे स्टुडिओवाल्याचे. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. घरातल्या प्रत्येकाला कोट कुठून आला ते ठाऊक असायचं आणि ज्याच्यासाठी फोटो केला तो चेहरा शाबूत असायचा. या कुळातली सगळ्यात मायेची शाखा मी हीच मानतो.

दुसरी शाखा थेट मुंबईची. 1854 मध्ये तिथं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी माणसं तिच्यात होती. सोसायटीच्या संस्थापकांतला विल्यम जॉन्सन यानं पुढं 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचं दोन खंडांचं पुस्तक काढलं. त्यातले ब्राह्मण, प्रभू, भाटिये, पारशी एका ठिकाणी उभे करून टिपलेले आहेत आणि त्यांच्यामागची मुंबई दुसऱ्याच वेळी टिपलेली आहे. माणसांभोवतीची खरी जागा काढून टाकायची, माणसं तेवढी ठेवायची आणि मागं शोभेसा देखावा जोडायचा. काही पानांवर माणसं जमिनीला नीट टेकलेलीही नाहीत. वाचणाऱ्याला मात्र हे सांगितलेलं नव्हतं. त्या पानांकडं बघणारा विलायतेतला माणूस समजत होता की हे लोक असेच, इथंच उभे असतात. आजोबांच्या कोटात आणि या देखाव्यात मला फरक वाटतो तो इथं.

पुढं छापखान्यांनी ही कला रोजची केली. दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळण्याआधी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि ब्लॉकचं काम शिकले होते. त्यांनी स्वतःचा छापखानाही काढला होता. ब्लॉक करताना पुढाऱ्यामागची गर्दी नको असली की निगेटिव्हवर प्रकाश अडवणारा रंग फासायचा. छापल्यावर तिथं कोरा कागद राही. यात रचना काही नव्हती. रिकामी जागा रिकामीच दिसे आणि वाचकाला कळे की इथून काहीतरी गेलंय.

रशियात स्टालिनच्या माणसांना तेवढं पुरेसं नव्हतं. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव चालतोय असा फोटो आहे. 1940 मध्ये येझोवला गोळी घातली आणि नंतरच्या प्रतीत त्याच्या जागी कालव्याचं पाणी आलं. जुन्या प्रती उरल्या, म्हणून हे आज कळतं.

संगणकाच्या पिढीकडं वळण्याआधी अजिंठ्यात थोडं थांबायला हवं. निजामाच्या सरकारनं 1920 च्या सुमारास तिथली भित्तिचित्रं वाचवायला लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी हे इटालियन कारागीर आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, पण वर दिलेलं लाखेचं रोगण पुढं पिवळं पडलं आणि ते काढण्यात नंतरच्यांची वर्षं गेली. तरी लेण्यांत आज पाहिलं तर जिथं चित्र कायमचं गळून गेलंय तिथं साधा गिलावा दिसतो. बोधिसत्त्वाचा हरवलेला हात कुणी नव्यानं काढून ठेवलेला नाही. खुद्द इटलीत चेझारे ब्रांदी यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला याचा नियमच घालून दिला. गळालेली जागा भरायची ती बारीक उभ्या रेघांनी. लांबून चित्र अखंड दिसावं, जवळ गेल्यावर रेघा दिसाव्यात आणि मूळ कुठं संपलं ते कळावं. भरण्याच्या साऱ्या इतिहासात याहून सचोटीची युक्ती मला माहीत नाही.

2000 साली बर्ताल्मियो, सापिरो, कासेयेस आणि बायेस्तेर या चौघांनी ‘इमेज इनपेंटिंग’ नावाचा निबंध मांडला. चित्रं दुरुस्त करणारे कारागीर जे करतात तेच त्यांनी गणितात बसवलं. भोकाच्या कडेला येऊन थांबलेल्या सारख्या उजेडाच्या रेषा आत वाढवत न्यायच्या. जुन्या फोटोवरच्या ओरखड्याला हे नामी लागू पडलं. मोठ्या भोकात मात्र धूसर गाळ साचल्यासारखा दिसे. कारण गणिताला कडा कळत होती, विटा, गवत, पानं कळत नव्हती.

पोताचा प्रश्न आधीच वेगळ्या वाटेनं सुटत आला होता. 1999 मध्ये एफ्रोस आणि ल्युंग यांनी दाखवलं की गवत वाढवायचं तर त्याच फोटोतलं गवत शोधून एकेक ठिपका आणता येतो. फोटोशॉप 1990 मध्ये आलं तेव्हापासून माणूस शिक्क्याच्या हत्यारानं हेच हातानं करत होता. इथलं गवत उचल, तिथं ठेव. आपल्या लग्नाच्या अल्बमवाल्यांनी मांडवातल्या वायरी आणि पंखे याच शिक्क्यानं घालवले. 2009 मध्ये ‘पॅचमॅच’ आलं. त्यानं जुळणारे तुकडे शोधायची विलक्षण जलद रीत दिली: आधी कुठलाही तुकडा अंदाजानं धरायचा, एखादा बरा जुळला की शेजाऱ्यालाही त्याच्याच आसपास शोधायला सांगायचं. पुढच्याच वर्षी ती फोटोशॉपमध्ये आली आणि तासाचं काम चुटकीसरशी होऊ लागलं.

संगणकाच्या या रीतींत एक मर्यादा आपोआप पाळली जात होती. भरायचं ते त्याच फोटोतलं. 2016 च्या एका प्रयोगानं ती मोडली. आयआयटी कानपूरहून बर्कलेला गेलेल्या दीपक पाठक यांनी सहकाऱ्यांबरोबर एका संगणकी जाळ्याला (न्यूरल नेटवर्कला) असंख्य फोटो दाखवले, प्रत्येकाचा मधला तुकडा झाकला आणि झाकलेलं काय असेल ते ओळखायला शिकवलं. आता भरणारा स्वतःच्या आठवणीतून भरू लागला. 2017 मध्ये गूगलचे सुंदर पिचाई यांनी मंचावरून बेसबॉल खेळणाऱ्या मुलीसमोरची जाळी नाहीशी होताना दाखवली. 2021 मध्ये पिक्सेल 6 फोनबरोबर मॅजिक इरेझर लोकांच्या हाती आलं, 2023 मध्ये फोटोशॉपमध्ये नवं रचून भरणारी सोय आली आणि 2024 मध्ये आयफोनमध्ये क्लीन अप. अलीकडची साधनं खांबाबरोबर त्याची सावलीही नेतात. सावली मागं राहिली की लबाडी पकडता यायची. तो पुरावाही आता भरवशाचा उरला नाही.

मेट्रोच्या खांबामागं फोन जे आभाळ रचतो ते अशा जाळ्याच्या आठवणीतलं असतं. जगभरच्या फोटोंत अशा जागी बहुधा जे दिसतं ते. हिंजवडीचं नव्हे, सरासरीचं.

हिंजवडीत म्हातोबा या ग्रामदेवाच्या उत्सवात बगाड निघतं तेव्हा त्याच्यामागं आता वायरी, होर्डिंगं आणि कंपन्यांच्या काचेच्या इमारती असतात. भाविकाला त्या नकोशा वाटतात हे मला समजतं. देवाच्या फोटोत होर्डिंग कुणाला हवंय? पण हे गाव शेतीचं होतं आणि एका पिढीत माहिती उद्योगाचं झालं. हे झालं तेव्हा बगाड त्याच वाटेनं चाललं होतं, याची साक्ष त्या वायरींतच आहे. त्या पुसल्या तर पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला हा फोटो कुठल्याही काळातला वाटेल. 2025 च्या जूनमध्ये पावसानं इथले रस्ते बुडाले तेव्हा तर नकोशी गोष्ट हाच फोटोचा विषय होता. रहिवाशांनी पाणी टिपलं, खड्डे टिपले आणि तेच फोटो अधिकाऱ्यांपुढं धरले. ज्या फोनमध्ये पाणी पुसायची सोय आहे, त्याच फोनचा फोटो पुरावा म्हणून चालायला हवा असेल तर काय पुसलं, काय भरलं याची नोंद हवीच. भाड्याच्या फ्लॅटच्या फोटोतून खिडकीसमोरची उच्च दाबाची तार काढणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही. तिथं राहायला येणाऱ्याला तार दिसणारच आहे, पण अनामत दिल्यानंतर.

ब्रांदींच्या रेघांसारखं काही डिजिटल फोटोत करण्याचा प्रयत्न चालू आहे. अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी 2021 मध्ये सीटूपीए नावाचा मंच स्थापन केला आणि फोटोत कुठला बदल कशानं केला याची नोंद फाइलच्या आतच ठेवायची पद्धत ठरवली. अडचण एवढीच की व्हॉट्सॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि आतल्या नोंदी गळून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते. म्हणून उत्सवाचे, रस्त्याचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो मी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो. वायर पुसलेली प्रत भिंतीसाठी वेगळी करतो आणि मूळ फाइल गाव व तारीख लिहून निराळ्या फोल्डरमध्ये ठेवतो.