झुमका बरेलीचा, कथा मराठीची

परवा गेवराईकडं एका लग्नात डीजेवर झुमक्याचं गाणं लागलं. 2023 च्या सिनेमातलं, नव्या ठेक्यातलं. पोरं बेभान नाचत होती. शेजारी बसलेले मामा म्हणाले, "हे आमच्या वेळचं हाय. ‘मेरा साया’मधलं!"

मामांचं बरोबर होतं. पण त्या सिनेमाच्या मागं एक मराठी लेखक उभा आहे, हे मामांनाही माहीत नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

‘मेरा साया’ आला 1966 ला. दिग्दर्शक राज खोसला. सुनील दत्त आणि साधना. त्याच्या दोन वर्षं आधी, 1964 मध्ये, राजा परांजपे यांनी मराठीत ‘पाठलाग’ काढला होता. त्यात काशिनाथ घाणेकर आणि भावना. ‘मेरा साया’ हा त्याचाच हिंदी अवतार. 1965 ला तमिळमध्येही ‘इदय कमलम’ नावानं तो झाला. आणि ‘पाठलाग’ ज्या कादंबरीवरून घेतला, ती जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’.

गोष्ट अशी. एका वकिलाची बायको आजारानं जाते, त्याच्या डोळ्यांदेखत. पुढं पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात. चेहरा हुबेहूब तोच. ती म्हणते, मीच तुमची बायको. नवरा-बायकोलाच ठाऊक असणाऱ्या गोष्टी ती भर कोर्टात सांगते. ज्याचा सगळा धंदा पुराव्यावर चालतो, त्या वकिलानं पुरावा मानायचा की स्वतःचे डोळे? शेवट सांगत नाही. बघा.

कादंबरीचं नावच पाहा. आशा हे बाईचं नाव आणि आशा म्हणजे आशाही. गेलेलं माणूस परत येईल, ही प्रत्येक घरातली वेडी इच्छा असते. या गोष्टीनं नेमकं तिथंच बोट ठेवलंय. म्हणून ती तीन भाषांत चालली.

2020 मध्ये बरेलीत हायवेवर भलामोठा झुमका उभारला, गाण्यातल्या एका उल्लेखापायी! चांगलंच केलं. पण ज्या कथेमुळं तो सिनेमा झाला, तिच्या लेखकाचं नाव आपल्याकडं किती जणांना येतं?

रहस्यकथा म्हणजे टाइमपास, असं आपण ठरवून टाकलं. वाचनालयातल्या याच पुस्तकांची पानं हाताळून हाताळून सुटली, पण साहित्याच्या गप्पांत त्यांना बसायला जागा मिळाली नाही. तालुक्याच्या बातमीदाराला हे लवकर कळतं. बातमी इथून जाते, नाव तिकडचं लागतं.

एक विनंती. अंबाजोगाई, माजलगाव, परळी, आष्टी, कुठल्याही वाचनालयात ‘आशा परत येते’ची जुनी प्रत दिसली तर कॉमेंटमध्ये कळवा. फाटकी असली तरी चालेल. मी स्वतः येतो.

आणि पुढच्या लग्नात झुमका वाजला की शेजारच्याला एवढंच सांगा: जयंत देवकुळे.