अणुइंधनाची नळी झिर्कोनियमचीच का असते?

तारापूरला वीज कशापासून बनते असं विचारलं की आपण लगेच युरेनियम म्हणतो. पण युरेनियम भट्टीत नुसतं टाकत नाहीत. युरेनियम डायऑक्साइडच्या छोट्या गोळ्या एका बारीक नळीत भरून नळीची दोन्ही टोकं सील करतात. या नळीला क्लॅडिंग म्हणतात. तिची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि किरणोत्सारी पदार्थ पाण्यात मिसळू न देण्याचं काम तिच्याकडे असतं. या लेखात मी तिच्याबद्दलच सांगणार आहे.

झिर्कोनियमच का?

साखळी प्रक्रिया न्यूट्रॉनवर चालते. नळीनेच न्यूट्रॉन गिळले तर भट्टी चालणार कशी? झिर्कोनियम ते फारच कमी शोषतं, गरम पाण्यात सहज गंजत नाही आणि वितळतं थेट १८५५ अंश सेल्सिअसला. अडचण एकच. खनिजात त्याच्या जोडीला हाफ्नियम असतं आणि ते शेकडो पट जास्त न्यूट्रॉन शोषतं. म्हणून आधी ते वेगळं काढावं लागतं.

मिश्रधातूत काय काय असतं?

- झिर्कॅलॉय-२: सुमारे १.५ टक्के कथील, शिवाय थोडं लोखंड, क्रोमियम आणि निकेल. उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत वापरतात.
- झिर्कॅलॉय-४: यात निकेल जवळपास नसतंच, कारण निकेलमुळे धातू हायड्रोजन जास्त शोषून ठिसूळ होतो. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत हाच असतो. इंधनाचे हे जुडगे हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतात. २२० मेगावॉटच्या भट्टीतल्या एका जुडग्यात १९ नळ्या असतात.

धोका कुठे आहे?

भट्टी बंद केली तरी इंधन काही काळ तापतच राहतं. थंड करणारं पाणी थांबलं आणि नळी साधारण १२०० अंशांपुढे गेली, की झिर्कोनियमची वाफेशी जोरात प्रक्रिया होते. त्यातून आणखी उष्णता आणि हायड्रोजन तयार होतो. जपानमध्ये फुकुशिमाला ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर वीज गेली आणि नेमकं हेच झालं. दुसऱ्याच दिवशी पहिल्या युनिटची इमारत हायड्रोजनच्या स्फोटात उडाली. तो अणुबॉम्बसारखा स्फोट होता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पुढे काय?

आता नळीवर क्रोमियमचा पातळ थर देण्याचे प्रयोग चालू आहेत. सिलिकॉन कार्बाइडच्या नळ्यांवरही काम चाललंय. माझ्या मते याचा खरा फायदा म्हणजे वेळ. अपघात झाला तर पाणी पुन्हा सुरू करायला थोडी जास्त उसंत मिळेल. पाण्याची गरज मात्र राहणारच.