शशकमांस : बीड जिल्ह्यातील पाकपद्धती

शशकमांस : सशाचे भक्ष्य मांस व त्यापासून घरगुती पाकात सिद्ध होणारे पदार्थ. दक्षिणेस बालाघाटच्या रांगा, उत्तरेस गोदावरीकाठची काळी जमीन आणि मध्ये पसरलेला माळ, अशी ज्याची रचना आहे त्या सुमारे 10,693 चौ. किमी. विस्ताराच्या बीड जिल्ह्यात ज्वारी, बाजरी, करडई, तूर व तीळ या कोरडवाहू पिकांच्या आधाराने जी पाकपरंपरा घडली, तिच्या अनुषंगाने या मांसाचा विचार येथे केला आहे. बोकड आणि कोंबडी यांच्या मानाने ससा या जिल्ह्यातील चुलीवर क्वचितच चढला. तथापि रूक्ष मांसाला स्निग्धता आणण्याचे जे ज्ञान या स्वयंपाकात मुरलेले आहे, ते सशाला बोकडापेक्षाही अधिक उपकारक ठरते, म्हणून या विषयाला स्वतंत्र स्थान देणे उचित होय.

प्रथम दोन प्राण्यांमधील भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण पाककृतीइतकाच तो कायद्याचाही प्रश्न आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूच्या माळरानांत आणि तुरी-हरभऱ्याच्या शेतांत रात्री चरणारा, मानेमागील काळ्या पट्ट्यावरून ओळखू येणारा रानससा (लेपस नायग्रिकोलिस) बीळ खणत नाही. दिवसा तो गवताच्या आडोशाला केलेल्या उथळ खळग्यात अंग चोरून बसतो, आणि त्याची पिले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) याचे मूळ आयबेरियन द्वीपकल्पात. तो बिळात राहणारा, त्याची पिले उघडी व आंधळी जन्मणारी, आणि गर्भकाल सुमारे 31 दिवसांचा. रानसशाचे मांस गडद तांबूस, दाट तंतूंचे व उग्र वासाचे असते. पाळीव सशाचे फिकट गुलाबी, कोंबडीच्या छातीच्या मांसाशी मिळतेजुळते.

निजामाच्या अंमलात, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, आणि त्यानंतरही दीर्घकाळ, रानसशाची शिकार हा मराठवाड्याच्या खेड्यांत नित्याचा प्रकार होता. वाघूर लावून हाका घालणे, फासे मांडणे, आणि लांब पायांची, सडपातळ अंगाची कारवान जातीची कुत्री मागे सोडणे या तिच्या रीती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याने प्रारंभी ससा लहान शिकारीच्या अनुसूचीत ठेवून परवान्याची वाट मोकळी ठेवली होती; 1991 च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. यास्तव आज रानससा मारणे, विकणे वा जवळ बाळगणे हा गुन्हा असून त्यास कैदेची शिक्षा आहे. माळरानावरील प्राणिसंपदा ज्या वेगाने आटत गेली तो पाहता ही मनाई योग्यच म्हटली पाहिजे; परंतु फासेपारध्यांसारख्या ज्या समाजाचा उदरनिर्वाह काही अंशी या शिकारीवर चालत होता, त्याला पर्यायी उपजीविका, हक्काची जमीन आणि गावकुसात जागा देण्याची तत्परता मात्र त्याच मानाने दाखविली गेली नाही, हेही येथे नमूद करणे न्याय्य ठरेल. पुढील सर्व विवेचन केवळ पाळीव सशाला लागू आहे.

भक्ष्याभक्ष्यविचारात सशाचे स्थान प्राचीन आहे. पाच नखांच्या प्राण्यांपैकी जे पाचच भक्ष्य मानले गेले त्यांत साळ, घोरपड, कासव यांच्यासोबत ससा येतो. रामायणात मरणोन्मुख वाली रामाला हाच दाखला देतो, आणि मीमांसकांनी परिसंख्याविधीचे उदाहरण म्हणून हाच नियम पिढ्यान्‌पिढ्या शिकविला, कारण त्याचे तात्पर्य हे पाच खावेत असे नसून इतर खाऊ नयेत असे आहे. जिल्ह्यातील मुसलमान समाजापुरते पाहिल्यास सुन्नी पंथाच्या चारही मजहबांत ससा हलाल मानलेला असून शिया पंथात तो वर्ज्य आहे. चरकसंहितेने या मांसाचे गुण लघु, शीत व रूक्ष असे सांगितले आहेत. यांपैकी रूक्ष हा गुण स्वयंपाक करणाराने विशेष लक्षात ठेवावा, कारण आधुनिक पृथक्करणही तेच सांगते : पाळीव सशाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिने सुमारे 20 ग्रॅम, तर चरबी जेमतेम साडेपाच ग्रॅम असते, आणि रानातील सशांत तीही निम्म्याहून कमी. उत्तरेकडील हिमप्रदेशात केवळ सशांवर हिवाळा काढणारे शिकारी पोटभर खाऊनही चरबीअभावी आजारी पडत असत, हे प्रवाशांनी नोंदविले आहे. मांसाच्या अंगी स्निग्धता नसल्यामुळे ते आचेवर क्षणात चिवट होते. सशाच्या पाकाचे सारे कौशल्य या एका दोषाच्या परिहारात आहे.

बीडच्या स्वयंपाकघरात या परिहाराची साधने आधीपासूनच फडताळात असतात. घाण्याचे करडईचे तेल, विस्तवावर भाजलेले सुके खोबरे, तीळ, शेंगदाण्याचे कूट, आणि या सर्वांना एकत्र धरणारे येसर. ज्वारी वा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ इत्यादी धान्ये खमंग भाजून, धने-जिरे व गरम मसाल्यासह दळून केलेले हे पीठ मराठवाड्यात बरणीत वर्षभर ठेवतात. लग्नकार्यातील येसर आमटी सर्वांच्या परिचयाची आहे. रश्शाला दाटपणा आणणे हे त्याचे उघड कार्य. परंतु मसाल्याचे तेल रश्शात धरून ठेवून ते मांसाच्या प्रत्येक तुकड्याला लिंपणे हे त्याचे खरे कार्य, आणि सशासारख्या कोरड्या मांसाला नेमकी त्याचीच गरज असते.

मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट या जाती पाळतात. राजस्थानातील अविकानगर येथे 1962 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने, विशेषतः तिच्या तमिळनाडूतील मन्नवनूर येथील केंद्राने, या जातींवर पुष्कळ काम केले आहे. सुमारे 12 आठवड्यांचा, दोन किलो वजनाचा ससा पाकास सर्वोत्तम. साफ केल्यावर त्याचे वजन निम्म्याच्या आसपास भरते. पाठीवर व मांड्यांवर चंदेरी पापुद्रा असतो. त्याच्या कडेला सुरीचे टोक घालून, बोटाच्या चिमटीत धरून तो एका दिशेने ओढला म्हणजे सलग निघतो. राहिल्यास शिजताना आकसून मांस आवळतो. तुकडे करताना बोकडाप्रमाणे घाव घालू नयेत. सशाची हाडे बारीक असून घावाने त्यांच्या टोकदार किरचा होतात व त्या रश्शात उतरतात. यास्तव मागचे दोन पाय, पुढचे दोन, बरगडीचा भाग आणि पाठ असे सांध्यासांध्यांतूनच सोडवावे. नंतर हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण व थोडे दही लावून दोन-तीन तास मुरत ठेवावे.

रस्सा हा प्रकार मुख्य होय. भगुल्यात करडईच्या तेलावर बारीक कांदा परतून त्यात मुरलेले मांस टाकावे, वर ताटात पाणी ठेवून मंद आचेवर त्याच्या अंगचे पाणी सुटू द्यावे, आणि मग ताटातले कढत पाणी आत ओतून कोवळा ससा पाऊण तास, जून असल्यास दीड तास शिजवावा. येथपर्यंत जे तयार होते ते अळणी. ते वाटीभर काढून लहान मुले, वृद्ध व आजारातून उठलेली माणसे यांना प्रथम द्यावे, कारण या मांसाचा लघुपणा अळणीतच सर्वाधिक प्रत्ययास येतो. मसाल्यासाठी एक किलो मांसास दोन मोठे कांदे सालीसकट निखाऱ्यात पुरावेत. वरची साल कोळशासारखी होऊन आतून गोडसर रस बुडबुडू लागला म्हणजे काढून सोलावेत. अर्धी वाटी भाजलेले खोबरे, दोन चमचे तीळ, चमचाभर खसखस, लसूण व कोथिंबीर यांच्यासह ते पाट्यावर गंधासारखे वाटावेत. हे वाटण आणि काळा मसाला तेल सुटेपर्यंत परतून त्यात अळणीसह मांस घालावे. दोन चमचे येसर थंड पाण्यातच कालवावे, कढत पाण्यात त्याच्या गुठळ्या होतात. उकळत्या रश्शात ते धारेने सोडताच भाजल्या धान्याचा वास घरभर उठतो आणि रश्शाचा रंग तांबड्यावरून तपकिरीकडे वळतो. त्यानंतर दहा मिनिटांहून अधिक शिजवू नये. कुकर वापरायचाच तर मांस दोन-तीन शिट्ट्यांत उतरवून मसाला उघड्या भांड्यात द्यावा.

सुक्के करावयाचे असल्यास मांस आधी अळणीत पूर्ण शिजवून घेणे अपरिहार्य आहे. कच्चे मांस तव्यावर टाकल्यास हाती काही लागत नाही. शिजलेले तुकडे लोखंडी तव्यावर हिरव्या मिरचीचा खरडा, भरपूर कांदा आणि शेंगदाण्याचे कूट यांत परतावेत. निखाऱ्यावर भाजणे मोहक वाटले तरी तेल वारंवार न लावल्यास मांस लाकडासारखे होते, म्हणून तो मार्ग सुचवीत नाही. जिल्ह्यावरील हैदराबादी संस्कार ज्या घरांत टिकून आहेत, विशेषतः निजामकाळी मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईकडे, तेथे अंबाडीच्या पाल्यात गोश्त शिजविण्याची जी पद्धत परिचित आहे ती सशालाही लावण्यास हरकत नाही. पाल्याच्या आंबटपणाने मांस लवकर मऊ होते, मात्र तेल सढळ हाताने घालावे लागते.

अन्य देशांतील पद्धतीही याच तत्त्वावर उभ्या आहेत. माल्टा बेटावर ससा मद्य व लसणात मंदाग्नीवर शिजवितात व तो तेथील राष्ट्रीय पदार्थ समजला जातो. फ्रान्समध्ये मोहरीचा लेप व साय यांची जोड देतात. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पाएया या भातात कोंबडीबरोबर ससा असतो. कोठे साय, कोठे डुकराची चरबी, कोठे ऑलिव्हचे तेल, एवढाच काय तो फरक.

वाढताना ज्वारीची किंवा थंडीच्या दिवसांत बाजरीची भाकरी काठवटीतून तव्यावर जाऊन फुगताच ताटात यावी. ती रश्शात कुस्करून, बुक्कीने फोडलेला कांदा व लिंबाची फोड यांसह खावी. भात दुय्यम होय. पाठीचा तुकडा सर्वांत मऊ असल्याने तो वडीलधाऱ्यांच्या ताटात वाढावा, बरगडीचा भाग लहान मुलांना देऊ नये. शिल्लक रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागतो, परंतु सुक्के मात्र कोरडे पडते. म्हणून प्रथमच ससा शिजविणाऱ्या घराने रश्शाचीच निवड करावी.