एक हुकूम आणि एक मुंगी

एखादा कायदा रद्द झाला म्हणजे त्याचा अंमलही संपला, अशी आपणां सुशिक्षितांची एक भाबडी समजूत असते. वस्तुतः कायदा कागदावरून पुसला गेला, तरी घरांतील दंडकांत व संस्थांच्या जमाखर्चांत तो पुढें कित्येक वर्षें नांदत असतो. ब्राझील देशांतील स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास हें याचें ठळक उदाहरण होय. आणि तो इतिहास मिराइल्देस मासिएल मोता या खेळाडूच्या चरित्रांत जितका स्पष्ट वाचावयास मिळतो, तितका अन्यत्र क्वचितच मिळेल. जग तिला ‘फोर्मिगा’ या टोपणनांवानें ओळखतें. पोर्तुगीज भाषेंत फोर्मिगा म्हणजे मुंगी.

प्रथम त्या कायद्याची हकीकत. १९४० च्या सुमारास रिओ व साओ पाउलो या शहरांत स्त्रिया संघ करून उघडपणें फुटबॉल खेळूं लागल्या होत्या. तोंच एका नागरिकानें राष्ट्राध्यक्ष व्हार्गास यांस पत्र लिहून अशी भीति घातली कीं, या खेळानें भावी मातांच्या शरीरास अपाय होईल. पुढल्याच वर्षीं, १४ एप्रिल १९४१ रोजीं, ३१९९ क्रमांकाचा हुकूम निघाला. त्याच्या ५४ व्या कलमानें, स्त्रीप्रकृतीशीं विसंगत असे खेळ खेळण्यास स्त्रियांना मज्जाव केला. कोणते खेळ विसंगत, हें तेथें सांगितलें नव्हतें. ती उणीव १९६५ सालीं भरून निघाली, व बंदीच्या यादींत फुटबॉलचें नांव स्पष्ट घातलें गेलें. ही बंदी १९७९ पर्यंत टिकली. म्हणजे ज्या काळांत ब्राझीलच्या पुरुषांनीं १९५८, १९६२ व १९७० असे तीन विश्वचषक जिंकून फुटबॉलला जणूं राष्ट्रधर्माची पदवी दिली, त्याच काळांत त्या धर्माच्या देवळाचें दार अर्ध्या राष्ट्रास बंद होतें.

हें एकट्या ब्राझीलचें वैगुण्य होतें, असें मात्र नव्हे. इंग्लंडांत २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूल येथें स्त्रियांचा सामना पाहावयास सुमारें ५३ हजार लोक लोटले. आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, तेथील फुटबॉल असोसिएशननें आपल्या सभासद क्लबांचीं मैदानें स्त्रियांस बंद केलीं. प्रेक्षक नव्हते म्हणून स्त्रियांचा खेळ मागें राहिला, असें म्हणणारांनीं या दोन तारखांमधील अंतर अवश्य मोजावें.

फोर्मिगाचा जन्म बंदी उठण्याच्या आदल्या वर्षीं, ३ मार्च १९७८ रोजीं, बाइया प्रांतांतील साल्व्हादोर शहरीं झाला. मुलांबरोबर चेंडू खेळावा तर भाऊ मारीत. आई मात्र तिच्या पाठीशीं उभी राहिली. हुकूम गेला होता, पण त्याचा पहारा घराच्या उंबऱ्यावर अद्याप बसलेला होता! १९९५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ती स्वीडनमधील विश्वचषकांत खेळली. पुढल्या वर्षीं अटलांटा येथें स्त्रियांच्या फुटबॉलला ऑलिंपिकमध्यें प्रथमच स्थान मिळालें, आणि तेथेंही ती होती.

तिची जागा मधल्या फळींत. गोल करणारीचें नांव दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत येतें, गोल अडविणारीचेंही येतें. परंतु मधल्या फळींतील खेळाडूचें काम असें कीं, प्रतिपक्षाच्या पायांतला चेंडू काढून घ्यावा, क्षणभर जवळ ठेवावा, सोयीच्या जागीं असलेल्या सोबतिणीच्या स्वाधीन करावा, व लगेच पुन्हां धांवावें. हें काम ती बिनबोभाट आणि अखंड करी, म्हणूनच तिला मुंगीचें नांव पडलें. २००४ सालीं अथेन्स येथें व २००८ सालीं बीजिंग येथें ब्राझीलला रौप्यपदक मिळालें. २००७ च्या विश्वचषकांत तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचून जर्मनीकडून हरला. त्या काळांत मार्ताचें नांव सर्वतोमुखीं झालें, आणि तें योग्यच होतें. पण मार्ताच्या पायापर्यंत चेंडू पोंचविण्याचें कष्ट बहुधा या मुंगीचे असत.

पोटापाण्यासाठीं मात्र तिला बरेंच भटकावें लागलें. स्वीडन, अमेरिका, पुन्हां मायदेश, आणि २०१७ पासून पॅरिस, असा तिचा प्रवास झाला. ब्राझीलमधील स्त्रियांचे संघ आज निघत व उद्यां मोडत. सान्तोस या नामांकित क्लबानेंही २०१२ सालीं आपला स्त्रियांचा संघ बंद केला होता. पॅरिसच्या संघानें २०२१ सालीं फ्रान्सचें अजिंक्यपद जिंकून लियोंची सलग चौदा वर्षांची सद्दी मोडली, तेव्हां फोर्मिगा त्रेचाळीस वर्षांची होती.

२०१६ सालीं ती राष्ट्रीय संघांतून निवृत्त झाली होती. पण २०१८ सालीं प्रशिक्षकानें तिला परत बोलावलें. २०१९ चा विश्वचषक ती एकेचाळिसाव्या वर्षीं खेळली, आणि २०२१ सालीं टोकिओ येथें सातव्या ऑलिंपिकांत उतरली. सात विश्वचषकांत खेळण्याचा मान तिच्यापूर्वीं पुरुष वा स्त्री कोणाही खेळाडूस लाभला नव्हता. ज्या हुकुमानें स्त्रीप्रकृतीचा निवाडा केला, त्यास याहून सडेतोड उत्तर काय असूं शकेल?

तथापि या गौरवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोन तपें उलटल्यावरही एका राष्ट्रास त्याच बाईकडे वळावें लागतें, यांत तिचा जितका मोठेपणा आहे, तितकेंच त्या राष्ट्राचें दारिद्र्य आहे. पहिल्या श्रेणीच्या पुरुष-क्लबांनीं स्त्रियांचा संघ बाळगलाच पाहिजे, हा नियम ब्राझीलमध्यें २०१९ सालीं लागू झाला. राष्ट्रीय संघांतील स्त्रियांस पुरुषांइतकाच भत्ता देण्याचें २०२० सालीं जाहीर झालें. बंदी उठून तोंवर चाळीस वर्षें झालीं होतीं! दार उघडणें निराळें आणि आंत बसावयास आसन देणें निराळें. तें आसन येईपर्यंत तिनें आपली जागा धरून ठेवली, हेंच तिचें खरें ऐतिहासिक कार्य होय.

२५ नोव्हेंबर २०२१ रोजीं मानाउस येथें तिनें ब्राझीलतर्फे शेवटचा सामना खेळला, आणि समोर संघ होता भारताचा. ब्राझीलनें सहा गोल केले. भारताचा एकुलता गोल मनीषा कल्याण हिनें केला. आपल्या देशांत स्त्रियांस फुटबॉलची बंदी करणारा कायदा नव्हता. इतकेंच नव्हे, तर १९८० व १९८३ सालीं आशियाई स्पर्धेंत भारतीय स्त्रियांनीं उपविजेतेपद मिळविलें होतें. मग पुढें त्यांची पीछेहाट कां झाली? या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. मुलगी मोठी झाली, आतां तिचें मैदानावर काय काम, असें ज्या घरांत सहज म्हटलें जातें, तेथें ३१९९ क्रमांकाचा हुकूम न छापतांच चालूं असतो, आणि तो रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नसून घरांतील वडील माणसांसच असतो.