आपला कोण, पाहुणा कोण: विदर्भाच्या रणजी संघनिवडीचा इतिहास

विदर्भाचा क्रिकेट संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला तो 1957-58च्या हंगामात. आदल्याच वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत जुन्या मध्य प्रदेशातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले होते आणि नागपूरचे राजधानीपण संपले होते. क्रिकेटमध्ये मात्र विदर्भ वेगळाच राहिला. महाराष्ट्र या एका राज्यातून आजही मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी खेळतात. त्यांपैकी पहिले दोन पश्चिम विभागात येतात, तर विदर्भ उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि रेल्वे यांच्या जोडीने मध्य विभागात. वेगळे राज्य मिळाले नाही, पण वेगळा संघ मिळाला, ही जाणीव नागपूरच्या क्रिकेटप्रेमींच्या बोलण्यात तेव्हापासून आहे. म्हणूनच या संघात कोण खेळावे याची चर्चा इथे केवळ धावा आणि बळी मोजून संपत नाही. निवडलेला खेळाडू आपला आहे की बाहेरचा, हा प्रश्न तिच्यात हमखास येतो.

या प्रश्नाची मुळे संघाच्या जन्माआधीची आहेत. नागपूर हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे राजधानीचे शहर होते. रेल्वे, कचेऱ्या, गिरण्या आणि न्यायालय यांच्यामागे तेलुगू, हिंदी, गुजराती, बंगाली, पारशी कुटुंबे इथे येऊन स्थिरावली होती. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपुरातल्या अशाच एका तेलुगू कुटुंबात झाला. हिस्लॉपच्या शाळेत ते शिकले आणि नागपूरच्याच मैदानांवर त्यांचा खेळ घडला. 1916 साली हिंदूंच्या संघाकडून पहिला मोठा सामना खेळताना त्यांनी धावांचे खाते षटकाराने उघडले. पुढे 1923च्या सुमारास होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले आणि कायमचे तिथलेच झाले. 1926 साली मुंबईत एमसीसीविरुद्ध 153 धावांची अकरा षटकारांची खेळी करणारा आणि 1932 साली लॉर्ड्‌सवर नाणेफेकीला गेलेला हा माणूस नागपूरचा होता, पण त्याच्या खेळाचे वैभव इंदूरच्या वाट्याला आले. चांगला खेळाडू घडवायचा आणि त्याची कीर्ती दुसऱ्या शहराला मिळताना पाहायची, हा अनुभव नागपूरला पुढेही येत राहिला.

1934-35मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा नागपूरचे खेळाडू मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाच्या संघातून खेळत. स्वतःचे नाव मिळाल्यावर विदर्भाची पुढची पाच दशके हलाखीची गेली. मध्य विभागात राजस्थान, रेल्वे, उत्तर प्रदेश यांच्याकडून पराभव हे नेहमीचे झाले. 2002-03पासून रणजीत एलिट आणि प्लेट असे दोन गट झाले, तेव्हा विदर्भाचा बराच काळ खालच्या प्लेट गटात गेला. वर्षानुवर्षे गोलंदाजीची बाजू सांभाळणाऱ्या प्रीतम गंधेंसारख्या फिरकीपटूला भारताच्या संघाचे दार उघडले नाही. नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य 1990च्या दशकाच्या मध्यात भारताकडून मोजके एकदिवसीय सामने खेळला, पण त्याच्या रणजी कारकिर्दीतला मोठा भाग बंगालकडे गेला.

या काळात नागपूरच्या प्रेक्षकाला मोठे क्रिकेट पाहायला मिळाले ते सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट संघटनेच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या व्हीसीएच्या मैदानावर. तिथली पहिली कसोटी ऑक्टोबर 1969मध्ये झाली आणि न्यूझीलंडने ती 167 धावांनी जिंकली. 31 ऑक्टोबर 1987 रोजी विश्वचषकात याच मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक घेतली आणि त्याच दिवशी सुनील गावसकरांनी आपले एकमेव एकदिवसीय शतक झळकावले. ऑक्टोबर 2004मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत हिरवी खेळपट्टी पाहून देशभर वाद पेटला आणि भारत 342 धावांनी हरला. मैदान शहराच्या मध्यभागी असल्याने कचेरीत जाता-जाता रणजीचे एक सत्र पाहून जाणे शक्य होते. रणजीला गर्दी थोडी असायची, पण जे यायचे ते जाणकार असायचे. व्हीसीएच्या गुजदर लीगमध्ये कोणत्या क्लबच्या पोराने किती धावा केल्या हे त्यांना पाठ असे. संघनिवडीवरचा खरा वाद या मंडळींमध्येच व्हायचा, कारण वगळलेला मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला असायचा.

2008 साली वर्धा मार्गावरच्या जामठ्याला नवे मोठे स्टेडियम सुरू झाले. नोव्हेंबरमधल्या तिथल्या पहिल्या कसोटीत भारताने ऑस्ट्रेलियाला 172 धावांनी हरवले आणि सौरव गांगुलीने कसोटीचा निरोप घेतला. शहरापासून लांब गेल्याने रोजच्या प्रेक्षकाची अडचण झाली हे खरे. पण विदर्भ क्रिकेटला वळण मिळाले ते 2009मध्ये उभ्या राहिलेल्या निवासी अकादमीमुळे. अकोला, अमरावती, वर्धा, यवतमाळ इथल्या मुलांना नागपुरात राहून, वर्षभर एका शिस्तीत क्रिकेट शिकण्याची सोय प्रथमच झाली. पुढच्या दशकातल्या यशाचे श्रेय कोणत्याही एका खेळाडूपेक्षा या व्यवस्थेला आधी द्यावे लागते.

त्याच सुमारास उमेश यादव पुढे आला. वडील कोळसा खाणीत कामाला, कुटुंब उत्तर प्रदेशातून येऊन नागपूरजवळच्या वलनी या खाणवस्तीत राहिलेले, टेनिस चेंडूवर खेळणारा आणि पोलीस भरतीत प्रयत्न करून पाहिलेला हा मुलगा. त्याचा वेग कर्णधार प्रीतम गंधे यांच्या नजरेत भरला आणि नोव्हेंबर 2008मध्ये तो पहिला रणजी सामना खेळला. तीन वर्षांनी, नोव्हेंबर 2011मध्ये, दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोहोचलेला तो पहिला खेळाडू. खाणीच्या गावाचे नाव त्यामुळे देशाला कळले. तो आपला की बाहेरचा, असा प्रश्न त्याच्याबद्दल कुणी विचारला नाही.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो पाहुण्या खेळाडूंमुळे. भारतीय क्रिकेट मंडळाच्या नियमानुसार प्रत्येक राज्य संघाला बाहेरचे तीनपर्यंत व्यावसायिक खेळाडू घेता येतात. नागपुरात त्यांना सरसकट ‘प्रोफेशनल’ म्हणतात. विदर्भाने ही सवलत बरीच वापरली. मुंबईचा साईराज बहुतुले, तमिळनाडूचे हेमांग बदानी आणि एस. बद्रीनाथ, कर्नाटकचा गणेश सतीश असे अनेक जण आले. त्यावरचा आक्षेप रास्त होता. एक प्रोफेशनल आला की स्थानिक फलंदाजाची एक जागा जाते, आणि हंगाम संपला की अनुभव घेऊन तो आपल्या गावी परततो. दुसरी बाजूही तितकीच खरी होती. सतत हरणाऱ्या संघातल्या तरुणांना जिंकायची सवय लावायला जिंकलेला माणूस शेजारी लागतो. 2014-15 आणि 2015-16 या दोन्ही हंगामांत विदर्भाने उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हा हे पारडे जड झाले.

मुंबईचा वसीम जाफर 2015-16मध्ये विदर्भात आला. पुढच्या हंगामात दुखापतीमुळे तो खेळू शकला नाही, आणि त्यानंतरचा 2017-18चा हंगाम तो मानधन न घेता खेळला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचे. कर्णधार फैज फजल मात्र नागपूरचा. या तिघांच्या हाताखाली जे घडले त्यावर हंगामाच्या सुरुवातीला फार थोड्यांनी विश्वास ठेवला असता. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकला जिंकायला 198 धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात 68 धावांत 7 बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला.

अंतिम सामना दिल्लीशी होता आणि त्याआधी निवड समितीपुढे पेच उभा राहिला. उपांत्य सामन्यात खेळलेला उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघाला होता. त्याच्या जागी अनुभवी गोलंदाज घ्यायचा की नवा? संघाने अकोल्याच्या आदित्य ठाकरे या एकोणीस वर्षांच्या मुलाला थेट रणजीच्या अंतिम सामन्यात पदार्पण दिले. धाडस म्हणावे असाच हा निर्णय. सामना 29 डिसेंबर 2017 रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, म्हणजे नायडूंनी कर्मभूमी मानलेल्या शहरातच, सुरू झाला. दिल्लीच्या ध्रुव शोरीने 145 धावा केल्या. गुरबानीच्या हॅट्ट्रिकचा तिसरा बळीही तोच ठरला. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅट्ट्रिक. पहिली 1972-73मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133 धावा केल्या, विदर्भाने 547ची मजल मारली आणि 1 जानेवारी 2018 रोजी नऊ गडी राखून सामना जिंकला. साठ वर्षांनी आलेले हे पहिले विजेतेपद. विजयी फटका जाफरचा होता, पण वीसही बळी विदर्भाच्याच गोलंदाजांनी घेतले होते.

पुढच्या हंगामात जाफरने हजाराहून अधिक धावा केल्या. फेब्रुवारी 2019मध्ये जामठ्यावर सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. नागपूरच्या आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकीपटूने त्या सामन्यात अकरा बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला त्याने दोन्ही डावांत मिळून एकाच धावेच्या मोबदल्यात परत पाठवले. पहिला करंडक नशिबाने मिळाला असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा ठोस उत्तर देता आले नसते.

त्यानंतरच्या वर्षांत संघ बदलला. जाफरने मार्च 2020मध्ये निवृत्ती घेतली, फैज फजलने 2024मध्ये. कर्णधारपद अक्षय वाडकरकडे आणि प्रशिक्षकपद नागपूरच्याच उस्मान घनी यांच्याकडे आले. कर्नाटकचा करुण नायर आणि दिल्लीचा तोच ध्रुव शोरी 2023-24पासून विदर्भाकडून खेळू लागले. मार्च 2024च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईने 169 धावांनी हरवले, पण 538चा पाठलाग करताना वाडकरचे शतक आणि संघाच्या 368 धावा यांनी विदर्भाची जिद्द दाखवली.

26 फेब्रुवारी 2025ला जामठ्यावर सुरू झालेल्या अंतिम सामन्यात संघनिवडीचे सगळे प्रश्न एकाच मैदानावर आले. समोर प्रथमच अंतिम फेरीत पोहोचलेला केरळ होता आणि त्याच्याकडून प्रोफेशनल म्हणून खेळत होता आदित्य सरवटे. विदर्भाने फिरकी गोलंदाज पार्थ रेखडेला सलामीला आणि वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. धावफलकावर 24 धावा असताना तीन गडी बाद झाले. ही फलंदाजीची क्रमवारी पहिल्या डावात अंगाशी आली, हे मान्य करायला हवे. तिथून नागपूरच्या दानिश मालेवारने 153 आणि करुण नायरने 86 धावा करत डाव सावरला. त्यांची भागीदारी 215 धावांची होती, त्यात एक घरचा होता आणि एक पाहुणा. केरळच्या डावात सरवटेने आपल्या जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध 79 धावा काढल्या, तर 98 धावांवर खेळणाऱ्या कर्णधार सचिन बेबीला रेखडेनेच बाद केले. विदर्भाला 37 धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात नायरने 135 धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिल्याने त्या आघाडीवर तिसरा करंडक विदर्भाकडे आला. त्या हंगामात डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबेने 69 बळी घेऊन रणजीतला एका हंगामातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम मोडला आणि यश राठोडने 960 धावा केल्या. हे दोघेही अकादमीच्या पिढीतले.

2025-26च्या हंगामाआधी नायर कर्नाटकात परतला आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. ऑक्टोबर 2025मध्ये जामठ्यावर झालेल्या इराणी करंडकात, अकोल्याच्या अथर्व तायडेच्या 143 धावांच्या जोरावर, विदर्भाने शेष भारताला 93 धावांनी हरवले.