डबलसीट नको, दोघांची सायकल हवी? टँडम घेण्याआधी जोडप्यांनी काय तपासावं

मुंबई-ठाण्याच्या सायकलस्वारांना शहापूर आणि मुरबाड हे तालुके नवे नाहीत. एकीकडे नाशिक महामार्गावरचा कसारा घाट, दुसरीकडे कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावरचा माळशेज. पण जोडप्यांची अडचण ठरलेली असते. एकाचा वेग जास्त, दुसऱ्याचा कमी. पुढचा चहाच्या टपरीवर वाट बघत बसतो आणि मागचा दमून पोहोचतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे टँडम, अर्थात दोघांनी मिळून चालवायची सायकल. पण ती साध्या सायकलसारखी रंग आणि किंमत बघून घेतली, तर पैसे वाया जाऊ शकतात आणि घाटात जिवावरही बेतू शकतं.

टँडम म्हणजे नेमकं काय?

डबलसीटमध्ये मागचा माणूस नुसता बसून असतो. टँडममध्ये त्यालाही सीट, हँडल आणि पायडल असतं. पुढच्याला 'कॅप्टन' म्हणतात. दिशा, ब्रेक आणि बहुतेक वेळा गिअरही त्याच्याकडे असतात. मागचा 'स्टोकर'. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याला इंग्रजीत हेच नाव होतं.

दोन्ही पायडल एका वेगळ्या चेनने जोडलेली असतात. तिला टायमिंग चेन म्हणतात आणि ती सहसा डाव्या बाजूला असते. त्यामुळे दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात. जोर मात्र ज्याला जमेल तेवढाच लावायचा. म्हणूनच कमी-जास्त ताकदीची माणसंही सोबत राहतात.

ही सायकल फक्त हौसेची नाही. १९०८ मध्ये आणि नंतर १९२० ते १९७२ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये टँडमची शर्यत होती. पॅरालिम्पिकमध्ये आजही दृष्टिहीन खेळाडू मागच्या सीटवरून स्पर्धेत उतरतात. पुण्याच्या दिव्यांशु गणात्रा यांच्या 'अ‍ॅडव्हेंचर्स बियॉण्ड बॅरियर्स फाउंडेशन'ने २०१६ मध्ये दृष्टिहीन आणि डोळस सायकलस्वारांच्या जोड्यांना टँडमवरून मनाली ते खारदुंग ला नेलं होतं. गणात्रा स्वतः दृष्टिहीन आहेत.

सपाटीवर मजा, घाटात परीक्षा

सपाट रस्त्यावर टँडम वेगात पळते. ताकद दोघांची, पण वारा मुख्यतः पुढचाच कापतो. चढावर हा फायदा संपतो आणि पाय जुळले नाहीत तर दमछाक होते.

खरा धोका उतारावर असतो. दोघांचं आणि सायकलचं मिळून वजन सहज १५० किलोपर्यंत जातं. ते थांबवायला चाकं मात्र दोनच. रिमला घासणारे ब्रेक लांब उतारावर सतत दाबून धरले, तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. त्यामुळे कसारा किंवा माळशेज उतरायचा विचार असेल, तर टँडमच्या वजनासाठी बनवलेले डिस्क ब्रेक हवेतच.

दुकानात काय बघाल?

• चाकं: साध्या सायकलपेक्षा जास्त स्पोक आणि जाड टायर हवेत. खड्ड्यात दोघांचा भार चाकांवरच येतो.
• वजनमर्यादा: कंपनीने किती किलोची मर्यादा दिली आहे ते विचारा. त्यात सामानही धरा.
• मागची सीट: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. मागच्याचे गुडघे नीट सरळ होतात का? हँडल हाताशी येतं का? मागच्याला खड्डा दिसत नाही, त्यामुळे धक्के जास्त बसतात. स्प्रिंगचा सीटपोस्ट असेल तर उत्तम.
• सुटे भाग: टायमिंग चेन आणि स्पोक कुठे मिळतील, हे पैसे देण्याआधी विचारा. जास्तीचे स्पोक सोबतच घ्या.
• ने-आण: लांबी साधारण सव्वादोन ते अडीच मीटर. गाडीच्या डिकीत मावत नाही. मुरबाड गावाला रेल्वे स्टेशन नाही, म्हणजे टेम्पोचा खर्च धरा.
• बिल: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात तोच दर लावलाय का ते बघा.

चाचणी कशी घ्याल?

आधी कॅप्टनने दोन्ही पाय जमिनीवर रोवून ब्रेक दाबून धरायचे. मग मागच्याने बसायचं. थांबताना मागच्याने पाय पायडलवरच ठेवायचे, नाहीतर तोल जातो. 'खड्डा', 'गिअर', 'थांबतोय' हे मोठ्याने सांगणं कॅप्टनचं काम. वळायला जागा जास्त लागते, म्हणून मोकळ्या मैदानात सराव करा.

पहिल्या फेरीसाठी कुठला रस्ता?

सुरुवातीला महामार्ग आणि घाट टाळा. शहापूर-किन्हवली-सरळगाव हा आतला रस्ता दोन्ही तालुक्यांना जोडतो. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा विचारही नको, तिथे दुचाकींना बंदी आहे. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात, तेव्हा घाटापासून लांबच राहा.

आणि शेवटचं: किंमत ठरवण्याआधी किमान तासभर चालवून बघा आणि निर्णय मागच्या सीटवर बसणाऱ्याला घेऊ द्या. ब्रेक त्याच्या हातात नसतो, समोरचा रस्ता दिसत नसतो. त्याला भीती वाटली, तर सायकल कितीही चांगली असली तरी दोन महिन्यांत भिंतीला टेकून उभी राहील.